चौथ्या मजल्यावरचा आमदार

नंदूमामाच्या शोकसभेत सात जण बोलले आणि सातही जणांनी माझी ओळ म्हणून दाखवली. ती माझी आहे हे त्यांना माहीत नव्हतं. "आधी तुमची लिफ्ट, शेवटी माझी!" असं म्हणून प्रत्येक वक्ता क्षणभर थांबायचा, हॉलमध्ये हळहळ पसरायची आणि मी तिसऱ्या रांगेत खुर्चीत आणखी थोडा खाली सरकायचो. सातव्या वक्त्यापर्यंत माझी हनुवटी पुढच्या खुर्चीच्या पाठीला टेकली होती. शेजारी बसलेली शालूमामी मात्र ताठ. ओळ सातव्यांदा आली तेव्हा ती माझ्याकडे न बघता पुटपुटली, "झिला, तुझी कविता गाजता हा."

मी आयुष्यात बरंच लिहिलं. दिवाळी अंकांनी ते साभार परत केलं, ऑफिसच्या स्मरणिकेने कापून छापलं आणि बायकोने "छान आहे" म्हणून त्यावर कढईचं झाकण ठेवलं. लोकांना तोंडपाठ झाली ती ही एवढी एकच ओळ. आणि त्या एका ओळीने माझ्या सख्ख्या मामीला चौथ्या मजल्यावर कोंडून ठेवलं. वक्ते त्याला त्याग म्हणत होते. म्हणून म्हटलं, एकदा आपल्या हाताने कबुलीजबाब लिहून टाकावा.

मुलुंड आणि घाटकोपर यांच्या मधे कुठेतरी 'शुभांगी' नावाची इमारत होती. नेमकी कुठे ते सांगत नाही, कारण मामाच्या कार्यकर्त्यांना वाचायची सवय नसली तरी फॉरवर्ड करायची आहे. खाली दुकानं, वर चार मजले, मजल्याला चार घरं, बहात्तर पायऱ्या आणि लिफ्ट नाही. मामाचं घर सगळ्यात वर. घर मामीच्या टेलिफोन खात्यातल्या नोकरीवर घेतलेलं. मामा तेव्हा पूर्णवेळ समाजकार्य करत होता. घरात त्याला बेकार म्हणायचे.

मामा पहिल्यांदा नगरसेवकपदाला उभा राहिला तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो आणि दिसेल त्या शब्दाला यमक जोडत होतो. समोरचा उमेदवार नुकताच एका टॉवरमध्ये राहायला गेला होता. कार्यकर्ते म्हणाले, यावर काहीतरी झणझणीत हवं. मी सिगरेटच्या पाकिटावर ती ओळ लिहिली. तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं, पण पहिल्यांदाच कुणी माझं लिखाण ऐकत होतं. म्हणून खाली छोट्या अक्षरांत जोड दिली: "वॉर्डातल्या शेवटच्या इमारतीला लिफ्ट लागेपर्यंत मी चौथा मजला सोडणार नाही."

मामा वाचून म्हणाला, "झकास! पण सुध्या, शेवटची इमारत कधी होणार रे?"

"तू निवडून तर ये," मी म्हणालो. राजकारणात यापेक्षा लांबचं कुणी बघत नाही हे मला तेव्हाही कळत होतं.

तो निवडून आला. दोनदा नगरसेवक झाला, मग तीनदा आमदार. वॉर्डाचा मतदारसंघ झाला तशी शपथही पसरली. त्यात टेकडीवरच्या चाळी आल्या, नाल्याकाठची बैठी घरं आली. तिथे लिफ्ट लावायची तर आधी इमारत हवी, आणि इमारत हवी तर आधी जमीन कुणाची ते कळायला हवं. मामाची शेवटची इमारत दर पाच वर्षांनी आणखी थोडी लांब जात होती.

मामा दिसायला आमदारासारखा नव्हता. किडकिडीत, पुढे झुकलेला, पांढरा कुर्ता नेहमी एक माप मोठा. त्याचा नमस्कार मात्र लोकांच्या लक्षात राही, कारण त्याला निलगिरी तेलाचा वास यायचा. रोज सकाळी सहा वाजता तो मामीच्या गुडघ्यांना तेल चोळत बसे. सातला दाराशी माणसं जमू लागत आणि मामा तेलकट हातांनीच बाहेर येई. कितीतरी शिफारसपत्रांच्या कोपऱ्यात त्याच्या अंगठ्याचा तेलकट ठसा असायचा. मंत्रालयातला एक कारकून म्हणे सही न बघता कागद हुंगायचा आणि सांगायचा, "हे नंदूभाऊंचं."

त्याचा खरा दरबार जिन्यात भरायचा. एका दमात बहात्तर पायऱ्या चढणं वयाप्रमाणे जमेनासं झालं, तसा तो प्रत्येक वळणावर थांबायला लागला. थांबला की एकजण पुढे व्हायचा. लोकांनीच मग वाटणी करून घेतली. पहिल्या वळणावर पाणी आणि गटार, दुसऱ्यावर शाळाप्रवेश, तिसऱ्यावर बदल्या. मामा कठड्याला धरून मान हलवायचा. गर्दीला वाटायचं साहेब किती मन लावून ऐकतात. साहेब दम खात असायचे. शेवटी कागद घेऊन न उघडता खिशात घालायचा आणि म्हणायचा, "बघतो." कुणी रेंगाळला तर, "बघतो म्हणजे बघतोच."

कामं व्हायची, हे खोटं कशाला बोलू? निम्मी तरी व्हायची. तिसऱ्या मजल्यावरच्या पेडणेकरांच्या छातीत कळ आली तेव्हा त्यांना पाठुंगळी मारून खाली नेणारा मामाच होता. मी मागून त्यांच्या चपला घेऊन उतरलो. आमच्या घराण्यात समाजकार्याची ओढ सगळ्यांनाच आहे, वजन मात्र ज्याने त्याने आपल्या कुवतीप्रमाणे उचललं.

आजूबाजूच्या इमारती हळूहळू पडू लागल्या आणि त्यांच्या जागी बावीस-बावीस मजले उभे राहिले. नवी लिफ्ट सुरू झाली की उद्घाटनाला बोलावणार कुणाला? ज्याने आधी तुमची लिफ्ट म्हटलं त्यालाच. मामा जायचा, लिफ्टच्या दाराशी नारळ फोडायचा, बाविसाव्या मजल्यापर्यंत वर जाऊन यायचा, शाल घ्यायचा आणि घरी येऊन बहात्तर पायऱ्या चढायचा. नारळाची एक कवड त्याच्या हातात असायची.

दारातच मामी विचारायची, "आज खंयची लिफ्ट?"

मामा इमारतीचं नाव सांगायचा. मामी कवड हातात घेऊन वजन बघायची. "बरी आसा. सोलकढी होतली."

आमच्या घरात वर्षानुवर्षं लिफ्टच्या नारळाची सोलकढी प्यायली गेली. मी तर दोन वाट्या प्यायचो.

मामीचे गुडघे गेले ते एका दिवसात नाही. आधी ती दिवसातून एकदाच उतरायला लागली, मग आठवड्यातून, मग सणाला. मग खिडकीतून दोरीला बांधलेली टोपली खाली सोडायला लागली. भाजीवाला भाजी टाकायचा, कोळीण मासळी टाकायची, पेपरवाला पेपर. मामी दोरी ओढत म्हणायची, "ही माजी लिफ्ट."

सगळं मिळायचं, पण तिचं मन मासळीत अडकलेलं. मामी बाजारात गेली की बांगड्याचा कल्ला उघडून आतला लाल रंग बघायची, पोट दाबायची, कोळणीशी यथास्थित भांडायची आणि मग दुसरीकडूनच घ्यायची. टोपलीतून येणारा बांगडा दुसऱ्या कुणीतरी निवडलेला असे. "उष्टो वाटता माका," ती म्हणायची. एकदा मी तिला उगाच धीर द्यायला गेलो की होईल गं मामी सगळं नीट. तर म्हणाली, "माका काय स्वर्गात जावचा नाय रे. बाजारात जावचा हा."

मामा राज्यमंत्री झाला ते आठ महिन्यांसाठी. त्याच्याकडे दोन खाती होती. ती कुठली हे मामीला शेवटपर्यंत पाठ झालं नाही, पण सरकारी निवासस्थान तळमजल्यावर आहे हे तिला शपथविधीच्या आधीच कळलं होतं. तिने दोन ट्रंका भरल्या, पोळपाट-लाटणं गोणपाटात बांधलं. मामा आला, ट्रंकांकडे बघत बसला आणि म्हणाला, "शालू, मंत्रिपद आज आहे, उद्या नाही. चौथा मजला सोडला तर परत कुठल्या तोंडाने येऊ?"

आठ महिन्यांनी मंत्रिपद गेलंच. मामा म्हणाला, "बघ, म्हटलं नव्हतं?" मामीने गोणपाट सोडून पोळपाट बाहेर काढला. ते आठ महिने ती ओट्यावरच पोळ्या लाटत होती.

पुढे पुढे ती फक्त मतदानाच्या दिवशी खाली येई. सकाळी चार कार्यकर्ते लाल प्लास्टिकची खुर्ची घेऊन वर यायचे, तिला बसवायचे आणि वरात निघायची. पेपरात फोटो यायचा: आमदारपत्नीची लोकशाहीवर निष्ठा. शेवटच्या खेपेला मी बरोबर होतो. बोटाला शाई लागली, मामी परत खुर्चीत बसली आणि त्या चौघांना म्हणाली, "एवढी खाली हाडलास, तर बाजारापर्यंत तरी न्हेवा. पाच मिन्टां."

चौघांनी एकमेकांकडे बघितलं. एकजण म्हणाला, "वहिनी, खुर्ची दुसऱ्या बूथवर पाहिजे हो. तिथे पण एक आजी आहेत."

खुर्ची वळली. बाजाराच्या तोंडाशी मासळीच्या छत्र्या दिसत होत्या. खुर्ची जिन्यात शिरेपर्यंत ती मान वळवून त्यांच्याकडे बघत राहिली. मी तिची पर्स धरून चालत होतो. माझं नेहमीचं काम.

एव्हाना आसपासच्या गल्ल्यांत शुभांगी ही एकच जुनी इमारत उरली होती. पंधरा घरांनी रिडेव्हलपमेंटला संमती दिलेली, सोळावं आमदारांचं. कायद्याने पंधरा सह्या पुरल्या असत्या, पण आमदाराची सही ज्यात नाही त्या फाइलला हात लावायची कुठल्या बिल्डरची छाती? दुसऱ्या मजल्यावरचे कर्णिक सोसायटीचे सेक्रेटरी. ते दर महिन्याला संमतीचा कोरा कागद घेऊन दुसऱ्या वळणावर उभे राहायचे. मामा तो घ्यायचा, खिशात घालायचा. "बघतो." ज्या शेजाऱ्यांनी पहिल्या निवडणुकीत त्याला हार घातले होते ते आता त्याला बघून दारं लोटून घ्यायचे. तिसऱ्या मजल्यावर डायलिसिसचा पेशंट होता. पेडणेकरही म्हणाले, "नंदूभाऊ, त्या दिवशी मला खाली नेलंत, उपकार आहेत. पण रोज कोण नेणार?"

मामाने मला बोलावून घेतलं. दार बंद केलं. "सुध्या, अडकवलंस तू. आता सोडव."

"म्हणजे?"

"नवी घोषणा लिही. मी सही केली तर विरोधक बोंबलणार, नंदूने बिल्डरशी सेटिंग केली. नाही केली तर हे पंधरा संसार माझ्या नावाने बोटं मोडणार. असं काहीतरी लिही, की मी शपथ पण मोडत नाही आणि लिफ्ट पण येते."

मी आठ दिवस रजा काढून बसलो. "शपथ तीच, मजला नवा." "चौथा मजला मनात, लिफ्ट दारात." सगळ्यात बरी ही होती, यावरून बाकीच्यांची कल्पना यावी. माणसाला अडकवायला मला एक सिगरेटचं पाकीट पुरलं होतं, सोडवायला अख्खी वही पुरेना. नवव्या दिवशी वही घेऊन गेलो तर मामीने दार उघडलं. "काय सुचला काय?" मी नकारार्थी मान हलवली. "बस मग. सोलकढी पी."

पुढच्याच निवडणुकीत पक्षाने मामाचं तिकीट कापलं. आम्हाला वाटलं, सुटला! आता सही करायला काय हरकत? मामा म्हणाला, "आता केली तर लोक म्हणतील तिकीट गेलं आणि शब्द पण गेला. आणि वरून निरोप आलाय, थांबा, तुमचा विचार चालू आहे." तो थांबला. जिन्यातली गर्दी ओसरली. वळणावर तो पूर्वीसारखाच थांबायचा, कागद घ्यायला हातही अर्धा पुढे यायचा. तिथे फक्त कर्णिक असायचे.

मग एका रविवारी मी नाहूरच्या माझ्या घरून मामाकडे गेलो आणि पहिली पायरी चढायच्या आधीच दम खायला खाली थांबलो. मामीची टोपली नुकतीच खाली आलेली. भाजीवाला कोथिंबीर निवडत होता. इतक्यात कर्णिक आले, बगलेत सोसायटीचं जुनं रजिस्टर. त्यांनी टोपलीत एक कागद आणि पेन ठेवलं आणि वर तोंड करून हाक मारली, "शालूवहिनी!"

खिडकीत मामी आली. "ह्यां काय, कर्णिकांनू?"

"सही हवी होती. सभासद तुम्ही आहात! रजिस्टरात एकटं तुमचंच नाव आहे. घर तुमच्या नावावर, आणि आम्ही इतकी वर्षं नंदूभाऊंच्या मागे लागलोय. कुणाच्या डोक्यातच आलं नाही हो!"

मामीने खिडकीतून वाकून टोपलीतल्या कागदाकडे बघितलं. भाजीवाल्याचा हात कोथिंबिरीत तसाच राहिला.

"पेन चालता मां?" मामीने विचारलं.

"चालतं की!"

टोपली हेलकावे खात वर गेली. आणि नेमका तेव्हाच मामा कोपऱ्यावरून चालत आला. मला बघून थांबला, कर्णिकांना बघून कपाळाला आठी घातली, आणि आम्ही सगळे वर का बघतोय म्हणून त्यानेही वर बघितलं. टोपली परत येत होती. कागद उडू नये म्हणून मामीने त्यावर नारळाची कवड ठेवली होती.

मामाने कवड उचलली. कागद घेतला. हात सवयीने खिशाकडे गेला.

"अहो!" वरून आवाज आला. गल्लीतल्या सगळ्या खिडक्यांनी ऐकला. "तो कागद कर्णिकांचो. खिशात घालू नका."

तीन वेळचा आमदार रस्त्याच्या मधोमध उभा होता, एका हातात कवड, दुसऱ्या हातात कागद. त्याने घडी उघडली आणि वाचला, अगदी खालपर्यंत. मग कर्णिकांच्या हातात दिला आणि जिना चढायला लागला.

मी मागोमाग गेलो. पहिल्या वळणावर तो थांबला आणि यावेळी पायरीवर बसला.

"तुला माहीत होतं, मामा? घर तिच्या नावावर आहे ते?"

"माहीत होतं रे. म्हणून तर कागद वर जाऊ देत नव्हतो." तो कवडीतली खोबऱ्याची कड नखाने खरवडत होता. "तिने एका मिनिटात सही केली असती."

"मग करू द्यायची होतीस."

"आणि माझं काय राहिलं असतं? काय केलंय मी, सुध्या? एक नाला बांधला. दोन बालवाड्या. स्मशानाची शेड. कुणाला आठवतंय त्यातलं? लोकांना चौथा मजला आठवतो." मग माझ्याकडे बघून हसला. "आणि तो पण तुझाच."

वरून मामीची हाक आली, "येताय मां? चाय निवता हा." मामा कठड्याला धरून उठला.

इमारत रिकामी झाली. मामीला शेवटचं खाली आणताना कार्यकर्ते नव्हते. पेडणेकरांचे दोन जावई, मामा आणि मी अशा चौघांनी खुर्ची धरली. माझा कोपरा सारखा खाली जात होता म्हणून तिसऱ्या वळणानंतर कर्णिकांनी मला बाजूला केलं. मी पर्स धरली.

दोघं बोरिवलीला भाड्याच्या घरात राहायला गेली. लग्न होऊन तिकडे गेलेल्या त्यांच्या मुलीच्या जवळ, अकराव्या मजल्यावर, दोन लिफ्टवाल्या इमारतीत. मामाला मी शेवटचं पाहिलं ते तिथेच. त्यानंतर महिनाभरात तो झोपेतच गेला.

त्या शेवटच्या भेटीच्या सकाळी दोघं मला खालीच भेटली. मामी काठी टेकत रिक्षातून उतरली, हातात ओली पिशवी, चेहरा लढाई जिंकल्यासारखा. गोराईच्या कोळणीशी भांडून आली होती. मामा पेपर घेऊन येत होता. लिफ्ट आली तसा तो म्हणाला, "तुम्ही व्हा पुढे," आणि जिन्याकडे वळला.

"हे काय?" मी मामीला विचारलं.

मामीने चारचं बटण दाबलं. "रोजचा हा. चौथ्यापर्यंत जिन्यान, मगे लिफ्टीन. शपथ म्हणता." चौथ्या मजल्यावर दार उघडलं. बाहेर कुणी नव्हतं. मामीने काठी दारात आडवी धरली. जिन्यातून चपलांचा आवाज येत होता. मधेच थांबायचा. त्या वळणांवर कुणी कागद घेऊन उभं नव्हतं, पण आवाज प्रत्येक वळणावर थांबत होता. लिफ्ट कुरकुरायला लागली, वर कुणीतरी दार आपटलं. मामी काठी हलवेना.

शेवटी मामा आला. धापा टाकत, कुर्ता पाठीला चिकटलेला. आत कोण आहे ते न बघताच त्याने हात जोडले.

"आमीच आसंव," मामी म्हणाली. "येवा आत. आणि ह्यां धरा, हात भरान इलो माजो."

तिने मासळीची पिशवी त्याच्याकडे दिली. ती गळत होती म्हणून मामाने दोन्ही हातांनी खालून धरली. तोंड उघडून आत डोकावला. "बांगडे?"

"कल्लो बघा. लालभडक."

अकराव्या मजल्यावर दार उघडलं तेव्हा बाहेर एक बाई उभ्या होत्या, नव्या असाव्यात. मामाचे हात सवयीने वर आले, पण पिशवी दोन्ही हातांत होती. तो क्षणभर गोंधळला. मग नुसताच बाजूला सरकला आणि त्यांना वाट दिली.